सेइजी हिगाशिदे यांचा होकार

सेइजी हिगाशिदे यांनी बेचाळीस वर्षं पाइनच्या फांद्या दोरीने बांधल्या. जपानमधल्या कानाझावाचा बर्फ ओला आणि जड असतो. तो फांदीवर साचला, की शंभर वर्षांची फांदीही, हात खांद्यातून निखळावा तशी, बुंध्यापासून निखळते. म्हणून नोव्हेंबर लागला की बुंध्यालगत उंच खांब उभा करायचा, त्याच्या टोकापासून भाताच्या पेंढ्याच्या दोऱ्या चहूबाजूंनी खाली सोडायच्या आणि एकेक दोरी एकेका फांदीला बांधायची. काम संपतं तेव्हा झाड उघडलेल्या छत्रीच्या काड्यांमध्ये उभं असावं तसं दिसतं.

हे काम दोघांचं असतं. एक जण खांबाच्या टोकाशी, दुसरा खाली फांदीपाशी. वरचा दोरी टाकतो, खालचा ती फांदीभोवती घेऊन ओढतो आणि हाताने अजमावतो. मग वरचा विचारतो, ‘हो?’ खालच्याने ‘हो’ म्हटलं की गाठ बसते, पुढची दोरी खाली येते आणि आधीच्या दोरीकडे मार्चपर्यंत कुणी पाहत नाही. दोरी सैल राहिली तर बर्फ फांदी मोडतो; फाजील ताठ झाली तर दोरीच तुटते. या दोहोंमधली जागा डोळ्यांना दिसत नाही. ती अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कळते.

सेइजींच्या टोळीत त्यामुळे एक रीत पडली होती. बांधणीच्या सहा आठवड्यांत कामावर असताना ‘हो’ हा शब्द दोरीखेरीज कशालाही वापरायचा नाही. चहा हवा का, असं घरमालकाने विचारलं तर ‘चालेल’ म्हणायचं. उद्या लवकर यायचं का, तर ‘येतो’. ही रीत ओकुमुरामुळे पडली. ओकुमुरा चोवीस वर्षांचा असताना, कामावर लागल्याच्या दुसऱ्याच हिवाळ्यात, वर खांबावर सेइजी थंडीत ताटकळत आहेत, त्यांना आणखी कशाला थांबवायचं, अशा विचाराने एका सैल दोरीला ‘हो’ म्हणून मोकळा झाला. जानेवारीत एका देवळाच्या आवारातली फांदी गेली. सेइजी ओरडले नाहीत. पुढचा अख्खा हंगाम त्यांनी ओकुमुराला गाठ मारू दिली नाही. बांधायचं दुसऱ्याने, आणि ओकुमुराने नुसती दोरी चिमटीत धरून हो किंवा नाही म्हणायचं. आता ओकुमुरा चोपन्न वर्षांचा होता आणि टोळीतला त्यांच्यानंतरचा पहिला माणूस होता.

सेइजी पडले ते एकसष्टाव्या वर्षी, नोव्हेंबरच्या सत्ताविसाव्या तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास. त्या घरच्या वृद्ध मालकीण, साकाशिता आजी, चहाचा ट्रे घेऊन अंगणात आल्या आणि त्यांनी खालूनच कमरेत वाकून नमस्कार केला. सेइजी शिडीवरून उतरत होते. जमीन तीन मीटरवर होती, कमरेचा सुरक्षापट्टा त्यांनी नुकताच सोडला होता. आजींनी एवढं वाकावं आणि आपण शिडीला चिकटून नुसती मान हलवावी, हे त्यांना जमलं नाही. त्यांनी एका हाताने टोपी काढली आणि ते वाकले. पायाखालच्या पायरीवर दहिवर गोठलेलं होतं.

मान मोडली. मज्जारज्जू सहाव्या मणक्यापाशी चिरडला गेला होता. खांदे राहिले, कोपर वाकत राहिला, मनगट वर उचलता येत राहिलं. बोटं गेली आणि छातीखालचं सगळं गेलं.

त्यांना ज्या मोठ्या रुग्णालयात नेलं तिथे नव्या उपचाराची चाचणी चालू होती. त्याची माहिती द्यायला डॉ. मुरोझोनो आल्या. त्या अडतीस वर्षांच्या, दक्षिणेतल्या बेटावरच्या. बोलण्यात तिकडचा हेल होता. मूलपेशींपासून वाढवलेल्या, चेतापेशी होण्याच्या वाटेवर असलेल्या वीस लाख पेशी चिरडलेल्या जागी बारीक सुईने रोपायच्या. हे इजेपासून चार आठवड्यांच्या आत करावं लागतं, कारण नंतर तिथे व्रण धरतो. परक्या पेशी शरीराने टिकू द्याव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. काय परत येईल, किती, की काहीच नाही, हे सांगता येत नाही. हे सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. सेइजींनी एकच प्रश्न विचारला. या पेशी मुळात कुणाच्या?

त्या म्हणाल्या, एका दात्याच्या रक्तातून तयार केलेल्या आहेत. नाव आम्हालाही माहीत नाही.

“मग आभार कुणाचे मानायचे?” सेइजींनी विचारलं.

“कुणाचेच नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या.

हे उत्तर सेइजींना पटलं नाही. त्यांनी संमती दिली, पण दिलेल्या वस्तूची परतफेड करायला समोर माणूस नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात अडकून राहिली. डिसेंबरच्या विसाव्या तारखेला रोपण झालं. त्यानंतर मुरोझोनो रोज सकाळी, ड्यूटी सुरू होण्यापूर्वी, ओली छत्री हातात घेऊनच त्यांच्या खाटेपाशी येऊन उभ्या राहू लागल्या. कसं वाटतंय, एवढंच विचारत. हळूहळू सेइजींच्या लेखी आभारांचं तोंड त्यांच्याकडे वळलं.

तपासणी महिन्यातून एकदा व्हायची. ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी करायची नाही असा नियम होता. इकुता नावाच्या पन्नाशीच्या फिजिओथेरपिस्ट बाई ती करत. सेइजींनी डोळे मिटायचे. इकुता कापसाचं टोक आधी गालाला लावत, म्हणजे नेहमीचा स्पर्श कसा असतो ते कळावं. मग अंगावरच्या ठरलेल्या जागांना, मानेपासून टाचेपर्यंत, दोन्ही बाजूंनी. मग तेच पिनेने. जागा छप्पन्न. प्रत्येक ठिकाणी विचारत, ‘जाणवतं?’ गालासारखं जाणवलं तर दोन गुण, अर्धवट जाणवलं तर एक, नाही तर शून्य. त्यानंतर स्नायूंची पाळी. मुरोझोनोंना तपासणी करायची परवानगी नव्हती, पण पाहायची होती. त्या पडद्यापाशी उभ्या राहत.

जानेवारीत छातीखालच्या सगळ्या जागांना सेइजी ‘नाही’ म्हणाले. प्रत्येक ‘नाही’नंतर पेन्सिलीचा तोच आवाज व्हायचा. एकवीस, बावीस, तेवीस. ज्या माणसाने आपल्यासाठी एवढी यातायात केली त्याच्या तोंडावर एवढ्या वेळा नाही म्हणण्याचा प्रसंग सेइजींवर आयुष्यात आला नव्हता. कुणी कामाला बोलावलं आणि जमणार नसेल तर ते ‘बघतो’ म्हणत, आणि समोरचा समजून घेई. इथे ‘बघतो’ असं उत्तर नव्हतं.

फेब्रुवारीत डाव्या मांडीपाशी इकुतांनी विचारलं, ‘जाणवतं?’ सेइजींनी डोळे मिटलेलेच होते. पण बेचाळीस वर्षं, कधी वरून तर कधी खालून, दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस केव्हा श्वास घेतो हे ऐकलेला कान त्यांना होता. इकुतांच्या बाहीची सळसळ त्यांना कळत होती. तपासणीचा ठेका कळत होता. आणि पडद्यापाशी कुणीतरी श्वास रोखून धरल्याचंही कळत होतं.

“थोडंसं,” सेइजी म्हणाले.

रोखलेला श्वास सुटला. पेन्सिलीचा आवाज वेगळा आला.

पुढच्या जागेला ते ‘नाही’ म्हणाले, त्यापुढच्या दोनांना नाही, मग डाव्या टाचेला पुन्हा ‘थोडंसं’. यात त्यांचा काही डाव नव्हता. पाहुण्याने आणलेली मिठाई चाखण्यापूर्वीच आपण छान म्हणतो, तसं काहीसं ते होतं. शिवाय दर वेळी तो शब्द म्हटल्यानंतर क्षणभर त्यांना खरोखरच काहीतरी जाणवल्यासारखं वाटे. मार्चच्या तपासणीअखेर धडावरच्या, पायांवरच्या आणि उजव्या हाताच्या मिळून अकरा जागांपुढे एक-एक गुण लिहिला गेला होता. मुरोझोनोंनी त्यांना आलेखाचा कागद दाखवला. रेघ वर जात होती.

त्याच महिन्यात एका सकाळी तोंड पुसायचा टॉवेल त्यांच्या उजव्या हातातून पडायचा तो पडला नाही. त्यांनी पाहिलं तर अंगठा बोटांकडे वळलेला होता. त्यांनी कुणालाही न सांगता तीन दिवस तेच करून पाहिलं, आणि चौथ्या दिवशी सांगितलं. इकुतांनी नोंद केली, पण तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. मनगट वर उचललं की ढिले पडलेले स्नायुबंध ताणले जातात आणि बोटं आपोआप मिटतात. त्यात अंगठ्याचं कर्तृत्व काही नसतं. मनगट शाबूत असलेल्या रुग्णांची यात नेहमी फसगत होते, असं त्या म्हणाल्या.

सेइजींच्या दृष्टीने सगळं त्या प्रश्नचिन्हावर येऊन ठेपलं. एप्रिलमध्ये निर्णय व्हायचा होता. ज्यांच्या बोटांत खरी हालचाल परतल्याचं सिद्ध होईल त्यांना हाताच्या सरावाच्या वॉर्डात सहा महिने ठेवून घेणार होते. तिथे खाटा सहाच होत्या. बाकीच्यांची मे महिन्यात घरी रवानगी. सेइजींना चालण्याची आशा नव्हती आणि ते तसं बोलूनही दाखवत. त्यांना चिमूट हवी होती. दोरी धरून ती कशी आहे ते सांगता आलं, की टोळीत आपली जागा राहते, एवढाच त्यांचा हिशेब होता.

मार्चअखेर त्यांना दोन दिवसांसाठी घरी पाठवलं. ओकुमुराने उंबऱ्यावर फळीचा उतार करून ठेवला होता. बाहेर गारठा होता. संध्याकाळी पत्नी कियोएबाईंनी अंथरूण घातलं आणि पत्र्याच्या डब्यात उकळतं पाणी भरून, तो फ्लॅनेलच्या पिशवीत घालून, पायाशी ठेवला. एकोणीसशे नव्वदपासून दर हिवाळ्यात तो तसा ठेवला जात होता. ठेवता ठेवता त्या थांबल्या.

“अहो, ठेवू ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या टाचेला आता कळतंय तुम्हाला.”

“कळतंय,” सेइजी म्हणाले.

“फार गरम नाही ना?”

“बरोबर आहे. ऊब छान लागतेय.”

कियोएबाईंचा चेहरा चार महिन्यांनी मोकळा झाला. त्यांनी पिशवी आणखी दोन बोटं जवळ सरकवली.

सकाळी त्यांनी मोजा काढला तेव्हा टाचेच्या बाहेरच्या अंगाला संत्र्याच्या फोडीएवढा फुगलेला फोड होता. मधली कातडी पांढरी पडली होती, कडा लाल. सेइजी तेव्हा वाटीतलं सूप तळहाताला पट्ट्याने बांधलेल्या चमच्याने पिण्याचा प्रयत्न करत होते. पत्नी मोजा हातात धरून का बसली आहे ते त्यांना कळलं नाही.

रुग्णालयात परतल्यावर भाजल्याची जखम साफ करण्यात आली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असल्याने तिला रोज पाहावं लागणार होतं, आणि चिघळली तर ती औषधंच थांबवावी लागली असती. घरी जाण्याची परवानगी रद्द झाली. कियोएबाईंनी मुख्य परिचारिकेपुढे वाकून माफी मागितली. चूक आपली आहे, नीट विचारायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन आल्या. तो घेण्याचा नियम नव्हता, म्हणून परिचारिकेने तो तितकाच वाकून परत केला आणि सौम्यपणे समजावलं, की थोडंफार जाणवत असलं तरी अशा पायाशी गरम वस्तू ठेवायची नसते. कियोएबाई दर वाक्याला मान डोलावत होत्या. त्यांची पाठ सेइजींच्या खाटेपासून चार फुटांवर होती. सेइजी छताकडे पाहत पडून होते आणि एकही शब्द बोलले नाहीत.

त्या आठवड्यात ओकुमुरा आला. येताना तो दर वेळी पेंढ्याच्या दोरीचा हातभर तुकडा आणायचा आणि खाटेच्या कठड्याला बांधून ठेवायचा. आधीचा तुकडा सफाई करणाऱ्या बाईंनी कचरा समजून टाकलेला असायचा. गाठ मारता मारता त्याने नव्या हंगामातल्या छाटणीच्या बातम्या सांगितल्या. मग टाचेकडे पाहून म्हणाला, की वहिनींचा हात फारच उबदार दिसतो.

“तिचा हात नाही,” सेइजी म्हणाले. “टाचेला मला काहीच कळत नव्हतं.”

ओकुमुराचे हात गाठीवर थांबले. सेइजींनी त्याला सगळं सांगितलं. बाहीची सळसळ, रोखलेला श्वास, वर जाणारी रेघ. सांगायला फार वेळ लागला नाही. ओकुमुराने गाठ पुरी केली, तिला एक हिसका दिला आणि मग स्टुलावर बसला.

“दादा, तुम्ही मला एक अख्खा हिवाळा नुसतं हो-नाही करायला उभं केलं होतंत. आठवतंय? त्याच हिवाळ्यात माझं लग्न ठरत होतं. सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, काम काय करता? मी म्हटलं, हो म्हणतो. त्यांना वाटलं, पोरगा अर्धवट आहे.”

सेइजी हसले नाहीत.

“लग्न मोडता मोडता राहिलं,” ओकुमुरा म्हणाला. “पण त्यानंतर तीस वर्षांत एकही फांदी गेली नाही आपली. वर तो श्वास रोखून धरणारा माणूस तेव्हाही असायचा की. तुम्हीच असायचात.”

 जाताना तो कियोएबाईंना जिन्यापाशी भेटला, पण त्यांच्याशी बागेतल्या गोष्टीच बोलला.

दुसऱ्या सकाळी मुरोझोनो आल्या तेव्हा सेइजींनी त्यांना बसायला सांगितलं. त्या कधी बसत नसत. त्यांनी छत्री कठड्याला अडकवली. सेइजी म्हणाले, की जखमेची चूक पत्नीची नाही. मग म्हणाले, की फेब्रुवारीपासून आपण दिलेल्या उत्तरांपैकी काही खोटी आहेत.

 मुरोझोनोंनी विचारलं, किती.

“माहीत नाही.”

“अंदाजे?”

“तेच तर सांगतोय. सुरुवातीला मला ठाऊक होतं, कुठलं खरं आणि कुठलं खोटं. आता माझं मलाच कळत नाही. हो म्हटलं की तिथे काहीतरी लागल्यासारखं वाटतं.” ते थांबले. “अंगठ्याचंही नाही सांगता येत.”

त्या उठल्या नाहीत. त्यांनी रागही व्यक्त केला नाही आणि काही हरकत नाही असंही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, की मी उभी असताना तुम्हाला काय ऐकू यायचं? सेइजींनी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, की मी उंदरांवर दहा वर्षं काम केलं. उंदीर माझ्या श्वासाकडे लक्ष देत नाहीत, म्हणून मीही दिलं नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते असं: ही गोष्ट नोंदवावी लागेल. सगळी तपासणी पुन्हा होईल. जे टिकणार नाही ते रद्द होईल. आणि सगळीच उत्तरं भरवशाची नाहीत असं समितीला वाटलं तर तुमचं नाव चाचणीतून आणि अर्थातच त्या सहा खाटांच्या यादीतून जाईल; अंगठा खरा असला तरी.

“चालेल,” सेइजी म्हणाले.

ते ‘हो’ म्हणाले नाहीत, हे मुरोझोनोंच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं.

त्याच दुपारी कियोएबाई आल्या तेव्हा सेइजींनी त्यांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हातातलं सोललेलं मिकान संत्रं पुन्हा सालीत ठेवलं आणि म्हणाल्या, “मी तीन दिवस वाकत होते. माझी कंबर धरलीय.” त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, पण दोन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या.

फेरतपासणी एप्रिलच्या मध्याला झाली. मुरोझोनो त्या मजल्यावरच आल्या नाहीत. इकुतांबरोबर दुसऱ्या रुग्णालयातले एक तपासनीस होते. त्यांचं नाव कामितानी, बोलणं जवळजवळ नाहीच. सेइजींच्या कानांवर मोठे हेडफोन चढवून त्यात पावसासारखा एकसुरी आवाज लावला आणि गळ्यापाशी आडवा पडदा धरला. प्रश्न म्हणून खांद्याला नुसती टिचकी. टिचक्यांमधलं अंतर ठरलेलं नव्हतं, आणि मधून मधून टिचकी द्यायची पण स्पर्श करायचाच नाही, असे रिकामे प्रश्न पेरलेले होते. संशयातली प्रत्येक जागा तीनतीनदा तपासायची होती. हे सगळं सेइजींना आधी सांगितलेलं होतं.

आता ठेका नव्हता, सळसळ नव्हती, कुणाचा श्वास नव्हता. खांद्यावर टिचकी पडे आणि मग फक्त स्वतःचं शरीर उरे. पहिल्या टिचकीला त्यांनी इतका वेळ घेतला की इकुतांना वाटलं, ते झोपले. मग ते म्हणाले, “नाही.” त्यानंतर छातीखाली उतरल्यावर सत्तावीस वेळा ‘नाही’ आलं. सत्तावीस ‘नाही’ म्हणताना जीभ जड झाली नाही, याचं सेइजींना थोडं नवल वाटलं. कुणाला म्हणायचं तेच समोर नव्हतं.

अकरापैकी नऊ जागा गेल्या. उरलेल्या दोन्ही उजव्या हाताच्या होत्या: एक करंगळीपाशी, दुसरी कोपराच्या आतल्या अंगाला. तिथे त्यांनी तीनही वेळा ‘थोडंसं’ म्हटलं, आणि रिकाम्या प्रश्नांना एकदाही फसले नाहीत.

मग अंगठा. मनगट फळीवर पट्ट्याने जखडलं, म्हणजे ते उचलता येणार नाही. हेडफोन काढले, पण मान दुसरीकडे वळवायला सांगितलं. इकुता म्हणाल्या, “वाकवा.” सेइजींनी वाकवला, किंवा वाकवण्यासारखं जे काही आत करता येतं ते केलं. “झालं का?” असं इकुतांनी विचारलं नाही, तरी ते आपण होऊन म्हणाले, “कळत नाही.” तीनदा हेच झालं. दोन्ही तपासनिसांनी एकमेकांकडे न पाहता आपापल्या कागदावर आकडा लिहिला आणि कागद एकत्र ठेवले. इकुतांचे दोन गुण होते, कामितानींचा एक. नियमाप्रमाणे कमी आकडा धरायचा. एक म्हणजे स्नायू थरथरतो, पण अंगठा हलत नाही. खाट मिळायला दोन लागत होते. निर्णय लांबला; तीन आठवड्यांनी शेवटची तपासणी व्हायची होती.

समितीने त्यांचं नाव चाचणीत ठेवलं, पण नऊ गुणांवर लाल रेघ मारून, तारीख घालून, शेजारी लिहिलं: रुग्णाच्या स्वतःच्या निवेदनावरून रद्द. मुरोझोनो जूनमध्ये एका परिषदेत जो आलेख दाखवणार होत्या तो त्यांनी मागे घेतला. हे त्यांनी सेइजींना सरळ सांगितलं. सेइजींनी माफी मागितली तेव्हा त्यांनी ती ऐकून घेतली.

तीन आठवडे सेइजींनी कठड्याच्या दोरीवर काढले. मनगट कियोएबाईंनी आपल्या दोन्ही हातांनी गादीवर दाबून धरायचं आणि त्यांनी अंगठा दोरीकडे न्यायचा. अजूनही थोडा राग असल्यामुळे असेल, पण कियोएबाई मनगट फार पक्कं धरत. पहिला आठवडा काहीच झालं नाही. तसं विचारल्यावर सेइजी ‘काही नाही’ म्हणत आणि कियोएबाई ‘बरं’ म्हणत. दुसऱ्या आठवड्यात एकदा सेइजी म्हणाले, “आत्ता काहीतरी झालं.”

“काही झालं नाही,” कियोएबाई म्हणाल्या. “मी बघत होते.”

दोन दिवसांनी सेइजी काही बोलले नाहीत आणि त्याच म्हणाल्या, “आत्ता हलला. पेंढ्याची काडी वाकली.” सेइजींनी मान वळवून पाहिलं. दोरीतून सुटलेली एक काडी खरोखर वाकून राहिली होती.

मेच्या नवव्या तारखेला इकुता आणि कामितानी यांनी दोघांनीही दोन लिहिले. सेइजींना सहावी खाट मिळाली. हे पेशींनी केलं का, असं त्यांनी मुरोझोनोंना विचारलं. त्या म्हणाल्या, की एका माणसावरून ते सांगता येत नाही. अशा इजेत थोडंफार काही वेळा आपोआपही परततं. पुरेशी माणसं झाली की मग बोलता येईल. पुढे त्या म्हणाल्या, की म्हणून प्रत्येक उत्तराला किंमत आहे. सेइजींना हे पटलं. प्रत्येक दोरी वेगळी अजमावावी लागते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते व्हीलचेअरमध्ये बसून साकाशिता आजींच्या बागेत आले. आजींनीच निरोप पाठवून पाठवून बोलावलं होतं. टाचेची जखम भरली होती; तिथली कातडी कागदासारखी पातळ राहिली होती. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या बाजूला टेकत होता आणि टेकून राहत होता. ओकुमुरा खांबावर चढला, त्याचा पट्टा अडकवलेला होता आणि तो अडकवला आहे हे त्याने वरून ओरडून सांगितलं. टोळीतल्या एकाने सगळ्यांत खालच्या फांदीची दोरी ओढून सेइजींच्या चिमटीत दिली.

ओकुमुराने वरून विचारलं, “हो?”

सेइजींनी डोळे मिटले. चिमटीत दोरी होती. करंगळीच्या बाजूला पेंढ्याचा खरखरीतपणा थोडासा लागत होता. बाकी पूर्वी जिथे दोरी बोलायची तिथे फारसं काही नव्हतं. बाग शांत होती. वर ओकुमुरा श्वास रोखून धरत होता आणि ते सेइजींना स्पष्ट ऐकू येत होतं.

“कळत नाही,” ते म्हणाले.

दोरीवर हे उत्तर याआधी कुणी दिलेलं नव्हतं.  ओकुमुरा पट्टा सरकवत सरकवत, एकेक पायरी करत खाली आला, दोरीला स्वतःचा हात लावला आणि म्हणाला, “सैल आहे, दादा. ही सैल. नीट धरा.” सेइजींनी ती धरून ठेवली. मग ओकुमुराने तीच दोरी दोन बोटं ओढून घेतली. “आणि ही आता.” सेइजींनी पुन्हा धरली. ओकुमुराने सोडली, ओढली, पुन्हा सोडली. सातव्या-आठव्या वेळेला अंगठा दोरीवर टेकल्यावर किती मागे ढकलला जातो त्यातला फरक सेइजींना लागला. तो बोटात नव्हता, वर मनगटात होता.

ओकुमुरा पुन्हा चढला. त्याने विचारलं. सेइजी म्हणाले, “नाही.” टोळीतल्या माणसाने दोरी किंचित ओढली. “नाही.” आणखी किंचित.

“हो,” सेइजी म्हणाले.

गाठ बसली. तेवढ्या वेळात टोळीतल्या दुसऱ्या जोडीने पलीकडच्या बाजूच्या अकरा दोऱ्या बांधून संपवल्या होत्या. साकाशिता आजी चहाचा ट्रे घेऊन पडवीत केव्हाच्या उभ्या होत्या. गेल्या वर्षीपासून त्यांनी ठरवलं होतं, की माणूस उंचावर असताना अंगणात यायचं नाही आणि वाकायचं तर मुळीच नाही. ओकुमुरा जमिनीवर उतरल्याची खात्री करून त्या पुढे आल्या आणि त्यांनी सेइजींना विचारलं, चहा घेणार ना.

“चालेल,” सेइजी म्हणाले.